दाराजवळची जागा

माझी मुलगी पहिल्यांदा गावच्या देवळात आली, त्या दिवशी ती एका म्हाताऱ्या माणसाला रक्त येईपर्यंत चावली.

देऊळ म्हणजे चर्च. शहरात आम्ही चर्च म्हणतो, पण नवऱ्याच्या गावी अजून देऊळच म्हणतात. कोल्हारच्या अलीकडे प्रवरेच्या काठानं आत गेलं की चौदा-पंधरा ख्रिस्ती घरांची वस्ती आहे आणि तिच्या टोकाला हे देऊळ. दगडी भिंती, वर पत्रे, आत दोन लांब सतरंज्या. एकीवर बाया बसतात, दुसरीवर पुरुष. पाळकसाहेब तीन गावं सांभाळतात, त्यामुळे महिन्यातून दोनदाच येतात. बाकीच्या रविवारी मंडळीतलंच कुणीतरी उपासना चालवतं.

मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि आमच्या घरी येऊन तिला दोन महिने झाले होते. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. दत्तकासाठी नाव नोंदवून, कागदपत्रं करून, वाट बघून बघून मी त्या फोनची आशा सोडली होती, आणि एके दिवशी शाळेत नववीच्या वर्गावर गणित शिकवत असताना तो फोन आला. तिला आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेतून आणलं. येताना सगळा रस्ता ती गाडीच्या काचेकडे तोंड करून बसली होती. नगरला सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिले पंधरा दिवस ती जेवणाच्या टेबलाखालीच असायची. तिथेच खेळायची, तिथेच ताटली ओढून जेवायची. मग एकदा बाहेर आली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली, जणू रोजचीच सवय आहे. चार दिवसांनी नवऱ्याकडेही गेली.

पण आम्हा दोघांशिवाय तिसरं कुणी चालायचं नाही. कुणी जवळ आलं की अंग आखडायची. कुणी कौतुकानं गालाला हात लावला तर चावायची. शेजारच्या बाईंना चावली, लस द्यायला आलेल्या नर्सला चावली. संस्थेतल्या ताईंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, "तिला राग नसतो हो. भीती वाटली की तिच्याकडे दातच आहेत, दुसरं काही नाही."

मला गावी जायची घाई नव्हती. त्याला आणखी एक कारण होतं, माझ्या जाऊबाई. नवऱ्याचे आईवडील आता नाहीत. गावचं घर आणि शेती मोठे दीर आणि जाऊबाई बघतात. मुलगी घरी आल्याचं सांगायला मी त्यांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "कुनाचं लेकरू, कुठलं, काय ठाव हाय का तुमाला?" मी "नाही" म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. तो "बरं" माझ्या मनात दोन महिने अडकून होता.

नवऱ्याचं मात्र एकच चाललं होतं. "माझा बाप्तिस्मा त्याच देवळात झालाय. तिला एकदा दाखवून तरी आणू."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही गेलो. ती माझ्या कडेवर होती. तिनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. बायांच्या सतरंजीवर मी मागं बसले, तर सगळ्यांनी सरकून सरकून मला पुढं बसवलं. पेटी सुरू झाली, गीत झालं. मुलगी पेटीवाल्याच्या बोटांकडे टक लावून बघत होती. माझ्या मनात आलं, होईल बहुतेक नीट.

शास्त्रवाचनानंतर मंडळीतले एक पंच उठले. हे नवऱ्याचे दूरचे चुलते. साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली असतील. सगळं गाव त्यांना काका म्हणतं. त्यांनी आम्हा तिघांना पुढं बोलावलं, मंडळीला सांगितलं की आपल्या घरात नवं लेकरू आलंय, त्याच्यासाठी प्रार्थना करू. सगळ्यांनी डोळे मिटले. काकांनी प्रार्थना म्हणता म्हणता आशीर्वादाला हात पुढं केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

डोळे मिटलेले असल्यामुळे मला फक्त काकांचा आवाज तुटल्याचं कळलं. बघते तर त्यांचा अंगठा तिच्या तोंडात, आणि ती सोडेना. नवऱ्यानं कसाबसा सोडवला. रक्ताचे दोन थेंब काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले. मग ती किंचाळायला लागली. पत्र्याखाली तो आवाज असा घुमला की बाहेरची कुत्रीसुद्धा भुंकायला लागली.

मी तिला उचलून बाहेर पळाले. गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या. आत पुन्हा गीत सुरू झालेलं ऐकू येत होतं, पण आवाज विस्कटलेला. थोड्या वेळानं नवरा आला. उपासनेनंतर दिरांकडे जेवण होतं. मी म्हटलं, "मला कुणाला तोंड दाखवायचं नाही. घरी चल." तो गाडीत बसला. काकांची माफी मागितली नाही, जाऊबाईंना सांगितलं नाही, तसेच निघून आलो.

ती पाच मिनिटांत झोपली. आज हे लिहिताना एक गोष्ट लपवायची नाही असं ठरवलंय. नगरपर्यंतच्या त्या रस्त्यावर माझ्या मनात आलं होतं, आपण चूक तर नाही केली? आपल्याला हे झेपेल का? ती मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली होती आणि मी पुढे बसून असा विचार करत होते. याची लाज मला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिली.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगून टाकलं, पुन्हा तिला तिथं न्यायचं नाही. सोमवारी काकांचा फोन आला, मी उचलला नाही. मंगळवारी आला, तोही उचलला नाही.

गुरुवारी दुपारी मी रजेवर घरीच होते, तेव्हा दाराची बेल वाजली. दारात काका उभे. एसटीनं आलेले, स्टँडवरून रिक्षा केलेली. एका हाताच्या अंगठ्याला पट्टी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून हरभऱ्याचे हिरवे डहाळे बाहेर आलेले.

"सूनबाई, फोन बिघडलाय का तुमचा?" एवढंच विचारलं आणि चपला काढून आत आले.

मी पाणी दिलं. मुलगी टेबलाखाली गेली होती. काकांनी तिकडं पाहिलंच नाही. खुर्चीवर न बसता ते खाली, भिंतीला टेकून बसले, पुढ्यात वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक घाटा सोलून हरभरे त्यावर टाकायला लागले.

"काका, मला माफ करा," मी म्हणाले. "तुमचा अंगठा..."

"माफी मी मागाय आलोय," ते म्हणाले. "चूक माजी हाय. डोळं मिटून वरनं हात आनला. वासराच्या अंगावर असा हात टाकला तर ते बी लाथ मारतं. ह्ये तर एवढंसं लेकरू. तिला काय ठाव, वरनं येनारा हात कशाचा हाय? आतापत्तोर कसले कसले हात आले आसतील, आपल्याला काय म्हाईत?"

माझ्या मनातलं भय बाहेर आलंच. "मंडळी काय म्हणाली?"

"तुमी गेल्यावर आमी बसलो ना समदे," काका म्हणाले. "जेवनं तशीच ऱ्हायली. बोलनं झालं."

मला वाटलं, आता ते सांगणार, थोडी मोठी होईपर्यंत आणू नका. मी तयारीही केली, वाईट वाटलेलं दाखवायचं नाही.

"ठरलं आसं," काका म्हणाले, "की तिच्या अंगाला कुनी हात लावायचा न्हाई. कौतुक लांबनं करायचं. ती आपन होऊन आली तर आली, न्हाई आली तर न्हाई. आन् तिला दाराजवळ जागा. आत कोंडल्यावानी झालं तर भायेर जाऊ दे, परत येऊ दे, उठू दे, बसू दे. कुनी मागं वळून बघायचं न्हाई. पाळकसायबांनाबी सांगितलंय. ते म्हनले, म्या उपदेश मोठ्यानं करतो, तिचा आवाज कुनाला ऐकू येनार न्हाई."

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. काका हरभरे सोलत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्ये समदं तुमच्या जावेनं सुचवलं बरं का. आमी पुरुष मानसं तर नुसती च्च च्च करत हुतो. एक जन म्हनला, लेकराला जरा वळन लागू द्या, मग आना. तवा ती उठली. देवळात कदी तोंड उघडत न्हाई ती. म्हनली, लेकरू आपलं हाय, चावलं तर आपल्यालाच चावलं. लोकाच्या दारात जाऊन तर न्हाई चावलं."

जाऊबाई. ज्यांच्या "बरं"नं मी दोन महिने झोपले नव्हते, त्या.

काका चार वाजताच्या एसटीनं परत गेले. जाताना सोललेले हरभरे कागदावर तसेच ठेवून गेले. त्यांच्या मागं दार लागल्यावर मुलगी टेबलाखालून आली आणि तिथेच बसून त्यातला एकन् एक दाणा खाऊन टाकला.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. देवळाच्या दाराशी आतल्या बाजूला एक छोटी गोधडी अंथरलेली होती, माझ्यासाठी आणि तिच्यासाठी. आम्ही बसलो. एकेक बाई येताना दारात थांबायची, तिच्याकडे बघून कपाळाला हात लावून "सलाम" म्हणायची आणि पुढं जायची. आमच्या ख्रिस्ती लोकांत एकमेकांना भेटल्यावर सलाम म्हणतात. नेहमी त्याच्या जोडीला हातात हात घेणं असतं, म्हातारी माणसं तर तोंडावरून हात फिरवून बोटं मोडतात. त्या दिवशी कुणी नुसतं बोटही पुढं केलं नाही. एका म्हातारीचा हात सवयीनं निघाला, तर तिच्या सुनेनं तो मागच्या मागे धरला.

मुलगी हे सगळं बघत होती. उपासनेत ती तीनदा बाहेर गेली आणि तीनदा आत आली. एकदा बाहेरून मूठभर खडे आणून गोधडीवर मांडत बसली. कुणी वळून पाहिलं नाही. पाळकसाहेब खरंच मोठ्यानं बोलत होते.

मार्चमध्ये एका रविवारी तिनं सलामला उत्तर दिलं. आधी चुकून डाव्या हातानं, आणि तेही कपाळाऐवजी नाकाला हात लावून. ज्या बाईला ते उत्तर मिळालं ती आत जाऊन बसली आणि डोळ्याला पदर लावला. पुढं तर मुलीला सलामचं वेडच लागलं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला सलाम, भाजीवालीला सलाम, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला सलाम. लोक गोंधळायचे, पण बहुतेक जण उलट सलाम करायचे. तिला उमगलं होतं की लांबूनही माणसाशी बोलता येतं, त्यासाठी अंगाला अंग लागावं लागत नाही.

काकांनी मात्र तिच्याकडे थेट बघायचंही टाळलं होतं. ते उपासनेनंतर देवळाच्या पायरीवर बसायचे. एप्रिलमधली गोष्ट. शेजारच्या घरी शेळी व्याली होती, दोन करडं झाली होती. मुलगी ती बघून पळत आली, इकडं तिकडं पाहिलं. मी चपला शोधत होते, नवरा कुणाशी बोलत होता. जवळ काकाच होते. तिनं त्यांचं बोट धरलं आणि "चल" म्हणाली. मी तो शब्द ऐकला आणि वर पाहिलं, तर काका कमरेत वाकून, एकेक पाऊल जपून टाकत तिच्या मागं निघाले होते, जणू हातात काचेचं भांडं दिलंय कुणी. देवळासमोर उभी असलेली सगळी माणसं बोलायची थांबली. काकांनी आमच्याकडे बघून दुसऱ्या हातानं खूण केली: कुणी काही बोलू नका.

मग बाप्तिस्म्याचा प्रश्न आला. मे महिन्यात माझी शाळा बंद असते, तेव्हाचा एक रविवार ठरला. आता अडचण अशी की बाप्तिस्म्यात डोक्यावर पाणी घालायचं म्हणजे पाळकसाहेबांचा हात लागणारच. काकांशी तिचं जमलं होतं, जाऊबाईंच्या हातून ती भाकरी घ्यायला लागली होती, पण पाळकसाहेब उंच, चष्मा लावणारे, लांब पांढऱ्या झग्यातले. आदल्या आठवड्यात मी त्यांना फोन करून म्हटलं, पुढं ढकलू या का? ते म्हणाले, "ढकलायचं कशाला? तिला विचारू. नाही म्हणाली तर सगळे मिळून जेवू आणि घरी जाऊ."

त्या दिवशी देऊळ भरलं होतं. पुण्याला नोकरीला असलेली मुलं आली होती, शेजारची दोन हिंदू कुटुंबंही येऊन मागं उभी होती. पितळी तांब्यात पाणी ठेवलं होतं. पाळकसाहेब आले आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसले, झग्यासकट. आता त्यांचं डोकं तिच्या डोक्याच्या बरोबरीला आलं.

"नाव काय या लेकराचं?" त्यांनी विधीप्रमाणे विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तिनंच सांगितलं. संस्थेतून आणलेलं तिचं नाव, जे आम्ही बदललं नव्हतं. खणखणीत सांगितलं.

"मी तुझ्या डोक्यावर थोडं पाणी घालू का?"

तिनं तांब्यात डोकावून पाहिलं. "गार आहे?"

"बघ की."

तिनं पाण्यात हात बुडवला, ओला हात वर काढला आणि पाळकसाहेबांच्या डोक्यावर ठेवला. पाणी त्यांच्या चष्म्यावरून ओघळलं. मागं कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळं देऊळ हसलं. मी काकांकडे पाहिलं, ते तोंडावर रुमाल धरून हसत होते. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला नाही. तसंच बघत म्हणाले, "आता माझी पाळी?"

तिनं मान हलवली. हो.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीन वेळा पाणी पडलं. तिनं डोळे घट्ट मिटले होते, माझा पदर मात्र धरलेला नव्हता. मग पाळकसाहेब उठले आणि मंडळीला विचारायचं ते विचारलं: या लेकराला आपलं मानून वाढवायला तुम्ही मदत कराल का? हा प्रश्न मी आजवर पन्नास वेळा तरी ऐकला असेल. एरवी लोक पुटपुटल्यासारखे "होय" म्हणतात आणि खाली बसतात. त्या दिवशी "होय" इतक्या जोरात आलं की मुलीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

जेवण दिरांच्या घरी होतं. आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी. पंगती उठल्यावर मी आणि जाऊबाई मागच्या अंगणात भांडी घासायला बसलो. मला केव्हापासून बोलायचं होतं.

"ताई, त्या दिवशी देवळात तुम्ही माझ्या मुलीची बाजू घेतलीत..."

"बाजू कसली त्यात?" त्या पातेल्याला राख लावत म्हणाल्या. थोडा वेळ घासत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फोनवर मी जे इचारलं ना, ते माज्या डोक्यातनं जाईना. कुनाचं लेकरू म्हनून इचारलं मी. मग त्या दिवशी तिला बघितलं. तुमचा पदर धरला हुता, बोटं पांढरी पडस्तवर. म्हनलं, आता काय इचारायचं? दिसतंय की कुनाचं हाय ते."

मला वाटलं, त्यांना मिठी मारावी. पण आम्हा दोघींचे हात राखेनं भरले होते आणि आमच्या घराण्यात असं करायची पद्धतही नाही. मी म्हटलं, "पातेलं द्या इकडं, मी विसळते." त्यांनी दिलं.

मग त्या म्हणाल्या, "जावा, जरा आडव्या व्हा. चेहरा बघा कसा झालाय. पाच महिनं झोपला न्हाईत वाटतं." मी नको नको म्हटलं, पण ओसरीवरच्या बाजेवर जाऊन टेकले आणि तिथंच माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. उठून पाहिलं, मुलगी जवळ नव्हती. इतक्या दिवसांत असं झालं की मी धावत सुटायचे. पण मागच्या बाजूनं तिचा आवाज आला. कोंबड्यांना दाणे टाकताना ती कुणाला तरी दटावत होती, "तू नाही, तू आत्ता खाल्लंस, हिला दे." जाऊबाई म्हणत होत्या, "बरं बाई, बरं." नवऱ्याचं हसणं ऐकू आलं, आणखी कुणाकुणाचं. मी पुन्हा बाजेवर पडले, कूस बदलली आणि आणखी अर्धा तास झोपले.